रेल्वेच्या जुन्या डब्यांची घरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फिरताना एखाद्या बैठ्या घरासमोर पाऊल थबकते. वर साधे उतरते छप्पर असते, पुढे पडवी असते, कुंड्या आणि वाळत घातलेले टॉवेल असतात. भिंतीत मात्र ओळीने पाच अरुंद दारे दिसतात आणि प्रत्येक दाराच्या दोन्ही अंगांना कोपरे गोलावलेले एकेक तावदान असते. एवढ्याशा घराला पाच दारे कशाला, हा पहिला प्रश्न मनात येतो आणि तेथूनच पुढचे सगळे प्रश्न सुरू होतात. येथे पाहुणे म्हणून आलेल्या मराठी मंडळींनी आणि गावाकडच्या नातेवाइकांनी फोटो पाहून जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

ही खरोखर रेल्वेच्या डब्यांत बांधलेली घरे आहेत का?

होय. मात्र "डब्यांत" म्हणण्यापेक्षा "डब्यांभोवती" म्हणणे अधिक बरोबर ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी सेवेतून काढलेल्या लाकडी प्रवासी डब्यांचा वरचा भाग विकायला सुरुवात केली. लोकांनी तो विकत घेऊन जमिनीवर ठेवला आणि गरजेप्रमाणे त्याला छप्पर, पडवी, स्वयंपाकघर असे जोडत नेले. आपल्याकडे ट्रकवाले "चेसी" आणि "बॉडी" असा फरक करतात, तोच येथे लागू होतो. विकली गेली ती बॉडी. चाके, आस, स्प्रिंगा आणि लोखंडी चेसी कंपनीने स्वतःकडे ठेवली. म्हणूनच रुळावर चाकांसह उभा केलेला डबा आणि जमिनीवर बसवलेला डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पानावर दुसऱ्या प्रकाराविषयीच लिहिले आहे.

कंपन्यांनी डबे विकले कशासाठी?

कारण ते एकदम आणि मोठ्या संख्येने निरुपयोगी झाले. १८८९ साली १२ जून रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीला निघालेल्या एका गाडीचे डबे चढावावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली आणि त्यांत मुले बरीच होती. त्याच वर्षी संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकसंध चालणारे आपोआप ब्रेक सक्तीचे केले. जुन्या, हलक्या, चार चाकी डब्यांना नवे ब्रेक बसवण्याचा खर्च प्रत्येक वेळी परवडणारा नव्हता. त्यातच १८९० नंतर प्रवाशांच्या अपेक्षाही बदलल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोळ असलेली गाडी ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८९२ मध्ये सुरू केली. बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या वळणाऱ्या चाकगाड्यांवर, चालणारे लांब डबे, आत शौचालय आणि वाफेने मिळणारी ऊब यांची सवय झाल्यावर आठ मीटरांच्या खडखडणाऱ्या डब्यात कोण बसणार? काही वर्षे हे डबे शाखामार्गांवर आणि कामगारांच्या गाड्यांना जोडून चालवले गेले आणि मग त्यांची रवानगी कारखान्यामागच्या आवारात झाली.

मग चाके का दिली नाहीत?

लोखंड आणि पोलाद यांना भंगारातही भाव होता आणि चांगली चेसी मालाच्या वाघिणीखाली पुन्हा वापरता येत असे. लाकडी बॉडी मात्र तोडायलाच मजुरी पडे. ती तोडून जाळण्यापेक्षा थोड्या पैशांत कोणाला देऊन टाकणे कंपनीच्या फायद्याचे होते. याच हिशेबामुळे आज आपल्याला पाहायला काही उरले आहे. वारसा जपण्याचा विचार त्यात कुठेही नव्हता.

हे डबे विकत कोण घेत असे?

सर्वांत आधी रेल्वेचेच कर्मचारी, कारण माल कधी निघणार हे त्यांना आधी कळे. त्यांच्या जोडीला शेतकरी, कोळी आणि किनाऱ्यावर उन्हाळ्यापुरती झोपडी हवी असलेली लंडनची मंडळी असत. १८७० नंतर ब्रिटनमधील शेती मंदीत गेली होती आणि किनाऱ्यालगतच्या, पिकाला न चालणाऱ्या जमिनीचे छोटे तुकडे पाडून ते स्वस्तात विकले जात होते. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी वाढली की सुटीपुरता घेतलेला डबा अनेकांचे कायमचे घर झाला. विटांचे घर ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांना येथे दारे, खिडक्या आणि छप्पर यांसह तयार खोली मिळत होती, आणि तीही गाडीसुतारांच्या हातची.

एवढा मोठा डबा जागेवर न्यायचा कसा?

जवळच्या स्थानकापर्यंत तो रेल्वेनेच, मालवाहू वाघिणीवर चढवून आणला जाई. खरी कसरत पुढे होती. मालधक्क्यावरून तो लाकडी ओंडक्यांवर सरकवत गाड्यावर घ्यायचा आणि घोडे किंवा वाफेचे ट्रॅक्शन इंजिन लावून ओढत न्यायचा. ससेक्समधील शोरॅम येथे समुद्र आणि एडर नदी यांच्यामध्ये दगडगोट्यांची एक लांब पट्टी आहे. तेथे डबे ओहोटीच्या वेळी नदीच्या चिखलातून घोड्यांकडून ओढून पलीकडे नेले जात. भरतीची वेळ चुकली तर काय होत असेल, याची कल्पना कोकणात खाडीकाठी वाढलेल्या कोणालाही करता येईल.

एका डब्यात संसार मावत असे का?

एकात क्वचितच. जुन्या चार चाकी डब्याची रुंदी साधारण अडीच मीटर आणि लांबी आठ ते नऊ मीटर असे; उदाहरणार्थ, लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे, तिचा अभियंता स्ट्राउडली याच्या आराखड्याचे चार चाकी डबे २६ फुटी, म्हणजे सुमारे आठ मीटरांचे होते. आत चार-पाच कप्पे, प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंना दार आणि कप्प्यांमध्ये आडव्या भिंती. बोळ नसल्यामुळे एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर बाहेर उतरूनच जावे लागे. रेल्वेत हे चालून गेले, पण पावसाळी रात्री मुलांच्या खोलीत जाण्यासाठी अंगणात उतरणे कोणाला परवडणार?

यावर लोकांनी जी युक्ती शोधली ती इतकी सोपी आहे की ती वेगवेगळ्या ठिकाणी आपापली सुचली असावी. दोन डबे एकमेकांना समांतर ठेवायचे, मध्ये चार-पाच मीटर जागा सोडायची आणि दोन्हींवर मिळून एकच उतरते छप्पर घालायचे, बहुधा नालीदार पत्र्याचे. मधली मोकळी जागा म्हणजे माजघर. तेथे विटांची चूल आणि धुराडे बांधायचे, पुढच्या टोकाला काचेची भिंत व दार करायचे आणि मागे मोरी. दोन्ही बाजूंच्या डब्यांतील कप्प्यांच्या झोपण्याच्या खोल्या होत आणि त्यांची आतल्या बाजूची दारे माजघरात उघडत. बाहेरच्या बाजूची दारे एक तर खिळे ठोकून बंद केली जात किंवा पडवीत उघडत. काहींनी आडव्या भिंती काढून दोन कप्प्यांची एक खोली केली. सेल्सी आणि पॅगम या ससेक्समधील किनारी गावांत या धाटणीची घरे आजही उभी आहेत आणि काहींत माणसे राहतात.

मला यात वाड्याची आठवण होते. चौक मध्ये, सोपे बाजूला, आणि घराचा सगळा व्यवहार मधल्या जागेतून, अशीच ही रचना आहे; फरक इतकाच, की या चौकावर छप्पर आहे.

आत गेल्यावर तो डबा आहे हे कळते का?

कळते, पण नीट पाहावे लागते. सर्वांत आधी दारे बोलतात. जुन्या डब्याच्या दारातील काच वरखाली सरकणारी असे आणि तिच्या खालच्या कडेला चामड्याचा जाड पट्टा जोडलेला असे. पट्ट्याला ओळीने भोके असत आणि दारावर पितळेची एक खुंटी असे. पट्टा ओढून हवे ते भोक खुंटीत अडकवले की काच त्या उंचीवर थांबे. अनेक घरांत पट्टा केव्हाच तुटलेला असतो, तरी खुंटी तेवढी राहते. शंभर वर्षे रंगाचे थर बसून तिचे बोंड झालेले असते. नखाने थोडा रंग उकरला की आत पितळ चमकते. मग छताकडे पाहावे. ते सपाट नसून कमानीसारखे किंचित गोलावलेले असते आणि प्रत्येक खोलीच्या मध्यावर लाकडाची एक गोल चकती बसवलेली दिसते. तेलाचे दिवे वरून, छतावर चालणाऱ्या माणसाकडून, ज्या भोकातून आत सोडले जात, ते भोक या चकतीने बुजवलेले असते. भिंतीवर सामानाच्या जाळीचे कंस असतील तर त्यांवर आता पुस्तके किंवा बरण्या ठेवलेल्या आढळतात. दार बाहेरून रस्त्याकडे बंद केलेले असले, तरी आतल्या बाजूच्या दारावर कधीकधी वर्गाचा आकडा, १ किंवा ३, पुसट दिसतो. २ क्वचितच आढळतो, कारण मिडलंड रेल्वेने १८७५ मध्ये दुसरा वर्ग बंद केला आणि मग एकेक करत इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

"बंगलो टाउन" म्हणतात ते कोणते?

वर उल्लेख केलेली शोरॅमची गोट्यांची पट्टी, तिचेच हे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे डब्यांच्या घरांची एक वसाहतच उभी राहिली. मेरी लोफ्टस ही त्या काळातील गाजलेली म्यूझिक हॉल कलावती तेथे घर बांधणाऱ्या पहिल्या काही जणांत होती. तिच्यामागून रंगभूमीवरची बरीच मंडळी आली, कारण ब्रायटन आणि लंडन रेल्वेने जवळ होते आणि रात्रीच्या खेळानंतर सकाळी उशिरा उठून समुद्रात उतरायला कोणाची हरकत नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथे मूकपटांचा स्टुडिओही निघाला. १९१० मध्ये रेल्वेने बंगलो टाउन नावाचा थांबाच सुरू केला. म्हणजे रेल्वेने टाकून दिलेल्या डब्यांत राहणारे लोक त्याच रेल्वेच्या नव्या डब्यांत बसून कामाला जाऊ लागले.

नावातला "बंगलो" हा शब्द मूळचा आपल्याच देशातला, बंगाली धाटणीच्या एकमजली घरावरून आलेला. आपण बंगला म्हणताना दिमाख दाखवतो. तेथे त्याच शब्दाने तिसऱ्या वर्गाच्या डब्याला अंगण मिळाले.

१९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मन सैन्य याच किनाऱ्यावर उतरेल अशी भीती होती. रहिवाशांना अगदी थोड्या अवधीत घरे सोडायला सांगण्यात आले आणि तोफांना समोरचा समुद्र मोकळा दिसावा म्हणून बहुतेक वसाहत पाडून टाकण्यात आली. थोडी घरे मात्र वाचली. युद्धानंतर त्या पट्टीवर विटांची नेहमीची घरे झाली. आज तेथे फिरणाऱ्याला डबा शोधावा लागतो.

डंजनेसची घरे वेगळी का वाटतात?

जागेमुळे. केंटमधील डंजनेस हे समुद्रात घुसलेले गोट्यांचे विस्तीर्ण टोक आहे. तेथे झाड नाही, कुंपण नाही, जवळजवळ मातीही नाही. १८८३ पासून तेथे रेल्वेची शाखा होती. १९२३ मध्ये छोट्या कंपन्या एकत्र करून सदर्न रेल्वे झाल्यावर, १९२० च्या दशकात जुने डबे कर्मचाऱ्यांना देण्यात आले आणि त्यांनी ते गोट्यांवरून ओढत नेऊन हवे तेथे ठेवले. आखलेला रस्ता नसल्यामुळे घरे विखुरलेली आहेत, जणू गाडी उलटून डबे इकडेतिकडे पडावेत. प्रवासी शाखा १९३७ मध्ये बंद झाली. तेथे आज येते ती रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च ही १५ इंच रुळांतराची चिमुकली रेल्वे, जी १९२८ मध्ये डंजनेसपर्यंत पोहोचली. खऱ्या आकाराचे डबे घरे होऊन स्तब्ध बसलेले आणि शेजारून गुडघ्याएवढी गाडी वाफ सोडत जाते, हे दृश्य विनोदी आहे, आणि मागे अणुवीज केंद्राची प्रचंड इमारत असल्यामुळे थोडे भीतिदायकही.

येथील एक घर वास्तुविशारद मंडळींमध्ये विशेष ओळखीचे आहे. सायमन कॉन्डर यांनी आराखडा केलेल्या "एल रे" या घरात एकोणिसाव्या शतकातील डबा मध्यभागी जसाच्या तसा ठेवून त्याभोवती काच आणि लाकूड यांची नवी वास्तू उभारली आहे. मधला डबा स्वयंपाकघराचे काम करतो. शंभर वर्षांपूर्वी अडाणी म्हणून हिणवलेली रचना आता पारितोषिकांच्या पंक्तीत बसली, याची मला गंमत वाटते.

डब्यांचा उपयोग फक्त राहण्यासाठी होत असे का?

नाही, संख्येने पाहिले तर घरांपेक्षा इतर उपयोगच जास्त असावेत. शेतावर कोंबड्यांचे खुराडे, धान्याची व अवजारांची कोठी, बागेतील उन्हाळी बैठक, क्रिकेटच्या मैदानावरील कपडे बदलण्याची खोली, सुताराची कार्यशाळा, चहाची टपरी असे सगळे प्रकार झाले. प्रवासी डब्यांबरोबर मालाच्या बंद वाघिणींच्या बॉड्याही विकल्या गेल्या आणि ती विक्री राष्ट्रीयीकरणानंतरच्या सरकारी ब्रिटिश रेल्वेच्या काळातही चालू राहिली. इंग्लंड-वेल्सच्या ग्रामीण भागात कुंपणाआड दिसणारी लाकडी पेटी बहुधा अशी वाघीणच असते.

साधा लाकडी डबा शंभरहून अधिक वर्षे टिकतो कसा?

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर दोन शब्दांत द्यायचे तर ते "दुसरे छप्पर" असे आहे.

डब्याचे मूळ छप्पर फळ्यांचे असे आणि त्यावर पांढऱ्या शिशाच्या रंगात भिजवलेले कॅनव्हास ताणून बसवलेले असे. कारखान्यात त्याची नियमित निगा होई. जमिनीवर आल्यानंतर ती थांबली की पहिल्या काही हिवाळ्यांतच कॅनव्हास फाटे, पाणी फळ्यांत उतरे, तेथून कडेच्या तुळईत जाई आणि मग उभे खांब आतून कुजत. बाहेरून पाहणाऱ्याला रंग शाबूत दिसे, पण अंगठा दाबला की लाकूड भिजल्या बिस्किटासारखे आत जाई. उघड्यावर ठेवलेले बहुतेक डबे असेच संपले.

ज्यांवर पत्र्याचे दुसरे छप्पर चढले ते मात्र वाचले. घरांत हे आपोआप घडले, कारण दोन डब्यांमधील जागा झाकायची तर डबेही झाकले जाणार. डबा घराच्या पोटात गेला, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर फळ्या किंवा पत्रे ठोकले गेले, आतून कागद चिकटवला गेला, आणि हे सगळे करणाऱ्याच्या मनात फक्त गारठा आणि गळती एवढेच होते. परिणामी काही घरांत मूळ कंपनीचा रंग, सोनेरी रेघा आणि दारांवरची अक्षरे पत्र्यामागे झाकली राहिली. उन्हाने ती कधी पाहिलीच नाहीत. ज्याला आपण कुरूप जोडकाम म्हणतो त्यानेच मूळ वस्तू जपली. संग्रहालयांनी वाचवलेल्या डब्यांइतकेच, कदाचित त्याहून अधिक, डबे अशा अजाण हातांनी वाचवले, असे माझे मत आहे.

दुसरी बाजू खालची. डबा थेट मातीवर टेकवला असेल तर तळाची तुळई आधी जाते. विटांच्या खांबांवर किंवा रेल्वेच्याच जुन्या स्लीपरांवर उचलून ठेवला असेल, म्हणजे खालून वारा खेळत असेल, तर ती टिकते. डंजनेससारख्या जागी गोट्यांतून पाणी लगेच झिरपून जाते, हेही डब्यांच्या पथ्यावर पडले.

लाकूड कोणते असे? त्यात आपल्याकडचे सागवान होते का?

कंपनीप्रमाणे फरक पडे. सांगाड्याला ओक किंवा ॲश, बाहेरच्या पाट्यांना महोगनी, तर काही कंपन्यांत सगळेच सागवान. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे आणि तिच्यानंतरची लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे आपल्या वार्निश केलेल्या सागवानी डब्यांसाठी प्रसिद्ध होत्या. ब्रह्मदेशी सागवानाला या कामात मोठा मान होता. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतही हे लाकूड "बर्मा टीक" म्हणून ओळखले जाई. त्यामुळे यॉर्कशरच्या एखाद्या शेतावरील कोठीची फळी आणि गिरगावातील एखाद्या चाळीचा जिना यांचे रान एकच असणे अगदी शक्य आहे.

डबा कोणत्या कंपनीचा, हे कसे ओळखतात?

दारांमधील अंतर, पाट्यांवरील लाकडी पट्ट्यांचा आकार, दारावरच्या हवेच्या झडपांची घडण आणि छताची वक्रता यांवरून जाणकार बरेच सांगू शकतात. कुलपावर कंपनीची आद्याक्षरे कोरलेली असतात, तावदानावर घासून उठवलेली नक्षी असते, आणि दारावरील पट्टीत किंवा आतल्या चौकटीवर डब्याचा क्रमांक सापडला तर प्रश्नच मिटला. यॉर्कशरमध्ये कीथलीजवळ इंग्रो येथे व्हिंटेज कॅरेजेस ट्रस्ट ही संस्था आहे; शिल्लक डब्यांची, त्यांत जमिनीवर बसलेल्या डब्यांचीही, हजारोंच्या घरातली नोंद ती ठेवते.

असा डबा पुन्हा रुळांवर आणता येतो का?

येतो, आणि अनेकदा आणला गेला आहे. अडचण अर्थातच चेसीची. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आईल ऑफ वाइट या बेटावरच्या आईल ऑफ वाइट स्टीम रेल्वेने यात विशेष कौशल्य मिळवले आहे. त्या बेटावर जुने डबे सुटीची घरे म्हणून मोठ्या संख्येने विकले गेले होते. त्यांतील काही सोडवून आणून, सदर्न रेल्वेच्या पार्सल व्हॅनच्या चेसी योग्य लांबीला कापून त्यांवर ते बसवले गेले. आज त्या रेल्वेवर प्रवासी ज्या व्हिक्टोरियन डब्यांतून जातात, त्यांपैकी काहींत पूर्वी कोणाचे तरी अंथरूण घातलेले असे.

लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा ३५३ क्रमांकाचा पहिल्या वर्गाचा डबा १८९२ मध्ये शेफील्डच्या क्रेव्हन्स कारखान्यात तयार झाला. पुढे तो वेस्टन, क्लीव्हडन अँड पोर्टिसहेड या छोट्या रेल्वेला विकला गेला. ती १९४० मध्ये बंद पडल्यावर चाके गेली आणि डबा खोली म्हणून वापरला गेला. १९७४ मध्ये तो लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमकडे आला, वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेच्या बॉस्टन लॉज कार्यशाळेत दुरुस्त झाला आणि लंडनच्या भुयारी रेल्वेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २०१३ मध्ये, वाफेच्या इंजिनामागून त्याच भुयारांतून धावला.

म्हणजे डबा सापडला की दुरुस्त करून चालवावा, हेच योग्य ना?

येथे जाणकारांत मतभेद आहेत आणि मीही एका बाजूला झुकतो. डेव्हनमधील लिंटन अँड बार्नस्टेपल ही अरुंद रुळांची रेल्वे सप्टेंबर १९३५ मध्ये बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला. तिचा क्रमांक २ चा डबा क्लॅनबरो या गावच्या पाद्रीसाहेबांच्या बागेत उन्हाळी बैठक म्हणून गेला. दुसरा एक, क्रमांक १५, स्नॅपर येथील थांब्यावरच पडून राहिला. हा पंधरा क्रमांकाचा डबा १९५९ मध्ये फेस्टिनिऑग रेल्वेने उचलून नेला आणि नव्याने सजवून चालवला. तो आजही उपाहारगृहाचा डबा म्हणून धावतो. बागेतला दोन क्रमांकाचा मात्र यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमने घेतला आणि मुद्दाम दुरुस्त केला नाही.

धावणारा डबा पाहून आनंद होतो, यात शंका नाही. पण त्यातील किती लाकूड मूळचे, हे विचारायला आपण कचरतो. दुरुस्त न केलेल्या डब्यात मूळ सुताराच्या रंध्याच्या खुणा असतात आणि वर बागेतील चाळीस-पन्नास वर्षांच्या वापराच्याही. डबा रेल्वेत जितका काळ होता, त्यापेक्षा अधिक काळ तो घर होता, असे पुष्कळ वेळा आढळते. त्या दुसऱ्या आयुष्याला "विटंबना" म्हणून खरवडून टाकणे मला पटत नाही.

रेल्वे कंपन्यांचे "कॅम्पिंग कोच" म्हणजे हेच का?

नाही. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९३३ मध्ये सुरू केलेले कॅम्पिंग कोच चाकांसह, एखाद्या रम्य स्थानकाच्या बाजूच्या रुळावर उभे असत आणि आठवडाभरासाठी भाड्याने मिळत. मालकी कंपनीचीच राही.

आज असे घर विकत घेता येते का?

मधूनमधून विक्रीला येते, पण स्वस्ताईची आशा ठेवू नये, कारण किंमत समुद्रासमोरच्या जागेची असते. नेहमीच्या बांधणीचे नसल्यामुळे कर्ज व विमा मिळायला अडचण येते. जुन्या रंगात शिसे असण्याची आणि नंतरच्या डागडुजीत ॲस्बेस्टॉसचे पत्रे वापरले असण्याची शक्यता धरूनच चालावे. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. नवा डबा आणून ठेवीन म्हणाल तर तेही सोपे नाही. १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर परवानगीशिवाय असे बांधकाम करता येत नाही, आणि या वसाहतींची वाढ थांबली ती मुख्यतः याच कायद्यामुळे.

भारतात अशी घरे का दिसत नाहीत?

आपल्याकडे सेवेतून काढलेले डबे वेगळ्या वाटेने जातात. पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून पोलादी डबे निघू लागले आणि पोलादाला भंगारात गिऱ्हाईक असतेच. काही जुन्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून, टोकाला दारे बसवून, मोटारी वाहून नेण्यासाठी वाघिणी केल्या जातात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात २०२१ मध्ये जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झाले, पण तो डबा चाकांवर उभा आहे. वृत्तीने अधिक जवळचे उदाहरण पुण्यातले, जेथे जुन्या शहर बसगाड्यांमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहे केली गेली. लाकडी डबा कोकणच्या पावसात आणि देशावरच्या वाळवीत मोकळ्यावर ठेवला असता तर त्याचे काय झाले असते, याचे उत्तर ज्याच्या घरी जुना लाकडी माळा आहे त्याने द्यावे.

पाहायला जायचे तर काय लक्षात ठेवावे?

ही लोकांची राहती घरे आहेत. डंजनेसला कुंपणे नाहीत, म्हणून पर्यटक थेट खिडकीला नाक लावतात आणि रहिवासी वैतागतात. तेथे मळलेल्या वाटेवरूनच चालावे, शिवाय गोट्यांवरची वनस्पती संरक्षित असल्यामुळे ती तुडवू नये. सेल्सी आणि पॅगम येथे समुद्राकडून, किनाऱ्यावरून चालत गेल्यास घरांच्या दर्शनी बाजू चांगल्या दिसतात. पत्र्याच्या पन्हळीखाली, सावलीत पाहावे. गोल कोपऱ्याचे तावदान दिसले की त्याच्या शेजारी दार असणारच, आणि दाराला बिजागऱ्या बहुधा डाव्या हाताला असतील. आत जाऊन पाहायचे असेल तर इंग्रोचे संग्रहालय किंवा आईल ऑफ वाइटवरील हेव्हनस्ट्रीट स्थानक बरे. तेथे दार उघडून बसता येते आणि चामडी पट्ट्याचे भोक खुंटीत अडकवून काच खालीवर करता येते.